फ्री डिश, डीटीएच, केबल की इंटरनेट? घरच्या टीव्हीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांज्याच्या बाजारात टीव्ही आणि डिश बसवण्याचं माझं दुकान आहे. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी आले की दुसऱ्या दिवसापासून दुकानात तेच प्रश्न येतात: आईबाबांना कुठलं कनेक्शन घेऊ, फ्री डिशवर मराठी दिसतं का, दर महिन्याला एवढे पैसे कशाचे कापतात. काउंटरवर गडबडीत अर्धंच सांगून होतं. म्हणून हे सगळं एकदा निवांत लिहिलं आहे. सगळं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा.

टीव्ही बघायचे एकूण मार्ग किती?

सध्या चार. पहिला दूरदर्शनची डीडी फ्री डिश. दुसरा खासगी डीटीएच, म्हणजे टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डीटूएच आणि सन डायरेक्ट. तिसरा केबल. चौथा इंटरनेट.

पूर्वी कौलांवर माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना असायचा, तो हवेतून थेट येणारं दूरदर्शन पकडायचा. ते जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झालं. २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) यांच्यासह देशातल्या सोळा शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं, पण आमच्या वाड्यांना त्याचा उपयोग नाही. तेव्हा माळ्यावरचा तो जुना अँटेना दुरुस्त करायला घेऊन येऊ नका. त्यावर तुमचे पैसे घालवायला मलाच बरं वाटणार नाही.

फ्री डिशला महिन्याला खरंच काही द्यावं लागत नाही?

नाही. छत्री (म्हणजे डिश), एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा छोटा डबा), वायर आणि बॉक्स एवढा एकदाच खर्च येतो, साधारण दोन हजारांच्या आसपास. त्यानंतर रिचार्ज नाही, भाडं नाही, नोंदणीही नाही.

मग हे चालतं कसं, असा पुढचा प्रश्न येतोच. ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेची सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांवर सुरू झाली. इथे पैसे बघणारा देत नाही, वाहिनी देते. खासगी वाहिन्यांना फ्री डिशवर जागा हवी असेल तर ई-लिलावात कोट्यवधींची बोली लावावी लागते, आणि तो खर्च त्या जाहिरातींतून भरून काढतात. त्यामुळे फुकट आहे म्हणजे कधीतरी अचानक बंद पडेल, ही भीती मनातून काढून टाका. वीस वर्षं उलटून गेली, सेवा चालू आहे.

फ्री डिशवर मराठी काय दिसतं?

दूरदर्शन सह्याद्री दिसतं, आणि माझ्या मते ती एकटीच अर्ध्या घरांना पुरते: बातम्या, शेतीचे कार्यक्रम, नाटक, गाणी. शिवाय डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, आकाशवाणीच्या रेडिओ वाहिन्या, आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यासाच्या स्वयं प्रभा व पीएम ई-विद्या या वाहिन्या. घरात शाळेतलं मूल असेल तर या शेवटच्या दोन्ही मुद्दाम शोधून लावून द्या. फार कमी लोकांना त्या माहीत आहेत, याचं मला वाईट वाटतं.

खासगी मराठी वाहिन्यांमध्ये फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर अशा वाहिन्या गेल्या काही वर्षांत फ्री डिशवर दिसल्या आहेत. पण झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या पे चॅनेलवर (म्हणजे पैसे भरून बघायच्या वाहिन्यांवर) संध्याकाळी लागणाऱ्या नव्या मालिका फ्री डिशवर मिळत नाहीत. घरातल्या कुणाचा जीव अशा एखाद्या मालिकेत अडकला असेल तर ते आधीच विचारून घ्या. नाहीतर छत्री बसवून मी घरी पोचायच्या आत तुमचा फोन येतो.

कालपर्यंत दिसणारा चॅनेल आज गेला. बॉक्स बिघडला का?

महिना कुठला ते बघा. लिलावात मिळालेली जागा साधारणपणे १ एप्रिल ते ३१ मार्च अशी असते, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काही वाहिन्या जातात आणि काही नव्या येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चारही मोठ्या हिंदी वाहिन्या एकदम गेल्या. त्या आठवड्यात दुकानासमोर माणसं बॉक्स बगलेत मारून उभी होती. बॉक्समध्ये बिघाड काहीच नव्हता.

असं झालं की मेनूमध्ये जाऊन चॅनेल पुन्हा स्कॅन करा, म्हणजे नवीन आलेल्या वाहिन्याही यादीत येतात. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा स्कॅन केलेलं चांगलं.

फ्री डिशचा कुठला बॉक्स घ्यावा?

एमपीईजी-४ चा. एमपीईजी म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत, ४ ही त्यातली नवी. जुने, स्वस्त एमपीईजी-२ बॉक्स अजून बाजारात मिळतात, पण त्यांना फ्री डिशवरच्या सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत, कारण बऱ्याच वाहिन्या एमपीईजी-४ मध्येच येतात. वाचलेले दोनशे रुपये पुढे रोज खटकतात.

नवीन टीव्हीत बॉक्सशिवाय फ्री डिश दिसतं, हे खरं का?

टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर असेल तर दिसतं. मागच्या बाजूला छत्रीची वायर फिरवून बसवायची आटे असलेली पिन आहे का ते बघा, आणि मेनूमध्ये ‘सॅटेलाइट’ किंवा ‘डीव्हीबी-एस२’ असं लिहिलेलं आहे का तेही बघा. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२ हे मानकही प्रसिद्ध केलं आहे. नवीन टीव्ही घेताना दुकानदाराला हा प्रश्न नक्की विचारा. एक रिमोट कमी होतो, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ती लहान गोष्ट नाही.

छत्री कुठल्या दिशेला लावायची? मी स्वतः लावू शकतो का?

लावू शकता, फक्त घाई करायची नाही.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे, म्हणजे आपल्यासाठी आग्नेयेला. होकायंत्रावर लांजा-रत्नागिरीकडे साधारण १२९ अंश, मुंबई-पुण्याला १३१ आणि नागपूरला १४५. म्हणजे विदर्भात छत्री आपल्यापेक्षा थोडी दक्षिणेकडे वळवावी लागते.

दिशेपेक्षा लोक उंचीला जास्त चुकतात. आपल्याकडून हा उपग्रह क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर आहे. पण या छोट्या छत्र्यांची घडणच अशी असते की त्या प्रत्यक्षात जिथे बघतात त्यापेक्षा बऱ्याच खाली बघतायत असं आपल्याला दिसतं. त्यामुळे समोरचं पोफळीचं झाड आड येतंय असं वाटतं आणि ते आड येत नसतं. डोक्यावरची फणसाची फांदी मात्र खरी अडवत असते. छत्रीमागे उभे राहून आग्नेयेला मान वर करून बघा. तिथे स्वच्छ आकाश हवं.

बॉक्समध्ये एलएनबी ‘युनिव्हर्सल’, म्हणजे ९७५०-१०६०० असा ठेवा. मॅन्युअल स्कॅनमध्ये ११०९० फ्रिक्वेन्सी, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० हे आकडे टाका आणि ‘क्वालिटी’ची पट्टी उघडी ठेवा. ‘स्ट्रेंग्थ’कडे लक्ष देऊ नका, ती नुसती वायर जोडली तरी दिसते. आता छत्री अगदी बोटभर फिरवा आणि थांबा. मनात पाच आकडे मोजा, मग पुन्हा बोटभर. जुन्या अँटेनाला मुंग्या हळूहळू कमी व्हायच्या, त्यामुळे आपण बरोबर चाललोय हे कळायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. एक तर काहीच नसतं, आणि मग एकदम पूर्ण चित्र येतं. वर छपरावरचा सतत फिरवत राहिला तर बॉक्सला सिग्नल धरायला वेळच मिळत नाही. खालून कुणी कितीही ‘आलं का, आलं का’ ओरडलं तरी वरच्याने मोजूनच फिरवायचं.

क्वालिटी आली की लगेच नट आवळू नका. आणखी थोडं पुढे, थोडं मागे करून सगळ्यात जास्त आकडा कुठे येतो ते शोधा आणि तिथे आवळा. हा जास्तीचा आकडाच पुढे पावसाळ्यात कामाला येतो.

पावसात चित्र तुटतं. काही उपाय?

उपग्रहाचा हा सिग्नल केयू बँडमध्ये येतो, आणि जोराचा पाऊस तो शोषून घेतो. आषाढातली मोठी सर आली की पाच-दहा मिनिटं चित्र जाणारच, मग छत्री फुकटची असो की महिन्याला पाचशे घेणाऱ्या कंपनीची. कुणी ‘आमचं पावसात जात नाही’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. ६० सेंटिमीटरऐवजी ७५ किंवा ९० सेंटिमीटरची छत्री घेतली तर फरक मात्र पडतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर मी तीच सुचवतो.

पण रिमझिम पावसातही चित्र तुटत असेल तर दोष पावसाचा नाही. एलएनबीच्या तोंडाशी वायर जिथे जोडली आहे तो कनेक्टर उघडा. दहापैकी सात घरांत मला तिथे तेच दिसतं: चिकटपट्टी उन्हाने तडकून सुटलेली, आत पाणी गेलेलं, आणि तांब्याची मधली तार हिरवी पडलेली. हिरवा भाग कापून टाका, वायर बोटभर नव्याने सोला, नवा कनेक्टर लावा आणि वर सेल्फ-बाँडिंग रबर टेप ताणून गुंडाळा. वायर एलएनबीकडे जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत जात नाही. खर्च शंभराच्या आत.

आमच्याकडचं आणखी एक कारण म्हणजे माकडं. ती छत्रीवर बसतात आणि ती एक-दोन अंश हलते. भिंतीला जाड ब्रॅकेट आणि मागून एक तिरका आधार दिला की हा त्रास बराच कमी होतो.

डीटीएचचं बिल नेमकं कशाचं असतं?

हे नीट समजून घ्या, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. बिलात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, वाहिन्या तुमच्या घरापर्यंत आणून देण्याचा आकार, त्याला एनसीएफ म्हणतात. दोन, तुम्ही निवडलेल्या पे वाहिन्यांची किंमत. या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १ फेब्रुवारी २०१९ पासून ही पद्धत आणली. तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी एनसीएफ जास्तीत जास्त १३० रुपये ठरला होता. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा एनसीएफ वेगळा असू शकतो. कनेक्शन घेताना हा आकडा वेगळा विचारा. ‘पॅक अमुक रुपयांचा’ एवढं उत्तर घेऊन परत येऊ नका.

हिशेब करून बघू. एनसीएफ १३० धरला आणि १९ रुपयांच्या तीन वाहिन्या घेतल्या, तर १३० अधिक ५७ म्हणजे १८७. त्यावर जीएसटी ३३ रुपये ६६ पैसे. एकूण २२० रुपये ६६ पैसे. आता तुमचा सध्याचा रिचार्ज काढून याच्या शेजारी ठेवा.

माझ्या डीटीएचवर फ्री चॅनेल आहेत, मग रिचार्ज संपल्यावर तेही का बंद होतात?

कारण ‘फ्री टू एअर’चा अर्थ त्या वाहिनीची किंमत शून्य, एवढाच. ती आणून देण्याचा एनसीएफ द्यावाच लागतो. रिचार्ज संपला की आणणं थांबतं, मग सह्याद्रीही जातं. तीच सह्याद्री फ्री डिशवर मात्र कायम चालू राहते. एवढा एक फरक घरातल्यांना समजावून सांगितला तरी निम्मे वाद मिटतात.

पॅक घ्यावा की एकेक चॅनेल निवडावा?

आधी एक कागद घ्या. आठवडाभर टीव्हीजवळ ठेवा आणि घरात जो जे बघेल ते त्यावर लिहायला सांगा. मी हे गेली अनेक वर्षं सांगतोय, आणि जे करतात त्यांच्या कागदावर बहुतेक वेळा दहाच्या आतच नावं येतात.

पे वाहिन्या चार-पाच असतील तर एकेक निवडणं स्वस्त पडतं. एकाच समूहाच्या सात-आठ वाहिन्या बघत असाल तर त्या समूहाचा पॅक परवडतो. एचडी हवी असेल तर टीव्हीचा आकार आणि बसण्याचं अंतर बघा. २४ इंची टीव्हीवर बारा फुटांवरून बघताना एचडीसाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

माझ्याच घरी एकदा एका कंपनीने ‘महिनाभर मोफत’ म्हणून एक पॅक जोडला आणि दुसऱ्या महिन्यापासून त्याचे पैसे कापायला सुरुवात केली. चार महिन्यांनी लक्षात आलं. तेव्हापासून मी दर महिन्याला अ‍ॅपमध्ये जाऊन चालू वाहिन्यांची यादी बघतो. तुम्हीही बघा. यादीत न मागितलेलं काही दिसलं तर त्याच दिवशी काढा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

क्रिकेट फुकट कुठे दिसतं?

२००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. आयपीएल येत नाही.

पण यात एक मोठी मेख आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे सामने दूरदर्शनने फक्त अँटेनावर दिसणाऱ्या आपल्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे. म्हणून खासगी डीटीएचवर किंवा केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर सामन्याच्या वेळी सामना दिसत नाही, आणि शेजारच्या घरात फ्री डिशवर तोच सामना फुकट चालू असतो. बॉक्स बिघडला म्हणून मला बोलावू नका. ते तसंच असतं.

केबल चांगली की डीटीएच?

गावावर अवलंबून. २०१२ मध्ये मुंबईपासून सुरुवात होऊन २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक अशी शहरं आणि २०१७ पर्यंत बाकीचा भाग, असं करत केबलही डिजिटल झाली. त्यामुळे चित्रात फरक राहिलेला नाही, आणि बिलाचे नियमही तेच. केबलला पावसाचा त्रास नाही, पण वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी खालच्या वाडीची लाइट गेली की तुमचा टीव्हीही बंद. केबलवाला ओळखीचा असतो आणि बोलावलं की येतो, हा मोठा फायदा. फक्त पैसे दिल्यावर पावती मागून घ्या.

नुसत्या इंटरनेटवर भागेल का?

घरात फायबर असेल तर बऱ्याच अंशी भागेल. मराठी बातम्यांच्या बहुतेक वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ हे अ‍ॅप आणलं, त्यावरही दूरदर्शन बघता येतं. पण मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवणार असाल तर हिशेब करा: साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण एक जीबी लागतो. दीड जीबीचा रोजचा डेटा जेवायच्या आधीच संपेल.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालतील का?

चालतील, पण एलएनबी दोन तोंडांचा हवा आणि प्रत्येक टीव्हीला आपली वायर व आपला बॉक्स. एका वायरचे दोन फाटे करणारा वीस रुपयांचा स्प्लिटर लावला की एक बॉक्स एलएनबीकडे व्हर्टिकल (उभा) सिग्नल मागतो, दुसरा हॉरिझाँटल (आडवा), आणि कुणाच्या तरी वाहिन्या जातात.

डीटीएच सोडलं. तोच बॉक्स फ्री डिशला वापरता येईल?

बॉक्स सहसा नाही, तो त्या कंपनीपुरताच बांधलेला असतो. छत्री आणि वायर मात्र चालते, छत्री नव्या दिशेला वळवून. एलएनबी तपासून घ्यावा लागतो.

फ्री डिशची ‘नोंदणी फी’ भरा असा फोन आला. भरू का?

अजिबात नाही. फ्री डिशला नोंदणी नाही, रिचार्ज नाही, ओटीपी नाही. असा फोन आला की लगेच ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

गावी आईबाबांसाठी कनेक्शन बदलतोय. आणखी काय बघू?

चॅनेलचे नंबर. याचा विचार कुणी करत नाही.

एका वाडीत मुलाने मुंबईहून फोन करून आजींचं डीटीएच काढून फ्री डिश लावायला सांगितलं. पैशाच्या दृष्टीने बरोबरच होतं, त्या फक्त सह्याद्री, बातम्या आणि सकाळचं कीर्तन बघायच्या. मी बसवून आलो. चार दिवसांनी आजींचा फोन: टीव्ही लागत नाही. जाऊन बघितलं तर टीव्ही उत्तम चालत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीने तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आणि ते जुन्या बॉक्सचे होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या रिमोटवर त्या रोज तेच तीन नंबर दाबत बसल्या होत्या.

मी त्यांच्या तिन्ही वाहिन्या नव्या बॉक्सच्या फेव्हरिट यादीत १, २, ३ अशा लावल्या, पुठ्ठा उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर नवे आकडे लिहिले आणि त्यांच्याकडून पाच-सहा वेळा दाबून घेतले. पुन्हा फोन आला तो थेट पुढच्या वैशाखात, घराला रंग द्यायचा म्हणून छत्री उतरवायची होती तेव्हा.